कान बरोबर आहेत, मग हाकेला ओ का देत नाही?

कानाच्या 'बेरा' तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल आला की घरात दोन मतं पडतात. आजी म्हणते, "मी म्हणतच होते, काही झालेलं नाही पोराला. त्याचा बापही उशिराच बोलला." वडील म्हणतात, "म्हणजे ऐकू येतंय. मुद्दाम लक्ष देत नाही." एकाच्या मते काहीच नाही, दुसऱ्याच्या मते नाटक आहे. त्या कागदावर मात्र एवढंच लिहिलेलं असतं की कानापासून मेंदूच्या देठापर्यंत आवाज पोचतो. आवाज झाल्यानंतरच्या पहिल्या दहाएक मिलिसेकंदांत काय घडतं तेवढंच ही तपासणी बघते. त्यापुढं मेंदू त्या आवाजाचं काय करतो, कोणता ठेवतो, कोणता सोडून देतो, कोणत्याला घाबरतो, हे त्या रिपोर्टात नसतं. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांची अडचण बहुतेक वेळा या पुढच्या टप्प्यात असते.

हा लेख पणदरे, माळेगाव, कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकर आणि तिकडं इंदापूरच्या बाजूला अशी मुलं सांभाळणाऱ्या घरांसाठी आहे. तसाच अंगणवाडी ताईंसाठी आणि शाळेतल्या गुरुजी-बाईंसाठीही. आपल्या गावात असं मूल नाही असं कुणाला वाटत असेल तर एक आकडा सांगतो. देशातल्या पाच ठिकाणी मुलांची तपासणी करून केलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. पणदऱ्याएवढ्या गावात अशी मुलं असणारच. त्यांना नाव पडलेलं असतं ते 'हट्टी', 'मुका' किंवा 'आईनं मोबाईल दिला म्हणून बिघडलेला'. शेवटचं नाव तर आईच्या माथी मारायला फार सोयीचं.

तरीही पहिली पायरी कानाचीच. मूल स्वमग्न आहे असं कुणी सांगितलं म्हणून कानाची तपासणी टाळू नका. कानात घट्ट मळ असेल, सर्दीनं पडद्यामागं पाणी साठलं असेल, तर कमी ऐकू येतं आणि ते औषधानं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं बरं होतं. शिवाय कानाचे संसर्ग या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून मूल डोकं आपटतं किंवा कान ओढतं. ओएई ही तपासणी काही मिनिटांत होते. बेरासाठी मूल शांत झोपलेलं लागतं. म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवून न्यायला सांगतात, आणि तरीही झोपलं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गुंगीचं औषध देतात. रिपोर्ट जपून ठेवा. पुढं दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी लागतो.

आता आत काय घडतं ते. हवेतली थरथर पडद्यावर येते, तीन चिमुकली हाडं ती शंखाच्या आकाराच्या नळीत पोचवतात, तिथल्या केसासारख्या पेशी तिचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात. संदेश मेंदूच्या देठातून वर चढत कानशिलाच्या आतल्या भागात, श्रवणाच्या केंद्रात जातो. इथवर वाट सगळ्यांची सारखी. पण कोणत्याही क्षणी कानावर एकच आवाज पडत नसतो. पंखा असतो, दूरवर मोटर असते, कुणीतरी भांडी घासत असतं, आणि त्यातच आई नाव घेऊन हाक मारते.

नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की रात्री दारं धरायला जाणारा माणूस एका सरीचं तोंड उघडतो, ती भिजली की मातीनं बुजवतो आणि पुढची फोडतो. पाणी सगळीकडं धावायला बघत असतं. त्याला एका वेळी एकाच सरीत घालणं हे त्या माणसाचं काम. बहुतेकांचा मेंदू आवाजाच्या बाबतीत हेच काम न सांगता, न थकता करत असतो. आईच्या हाकेला वाट देतो, पंख्याची वाट बुजवतो. स्वमग्न मुलांच्या मेंदूत दारं धरणारा हा माणूस वेगळ्या पद्धतीनं चालतो. कधी सगळ्या सऱ्या एकदम फुटतात, कधी भलत्याच सरीत पाणी जातं आणि हाकेची सरी कोरडी राहते.

संशोधनात हे निरनिराळ्या बाजूंनी दिसलं आहे. फिलाडेल्फियातल्या मुलांच्या रुग्णालयात टिमथी रॉबर्ट्स यांच्या गटानं २०१० मध्ये मेंदूतल्या अगदी क्षीण चुंबकीय लहरी मोजल्या. आवाज ऐकल्यावर साधारण एक दशांश सेकंदानं श्रवणकेंद्रात जी लहर उठते, ती स्वमग्न मुलांत सुमारे ११ मिलिसेकंद उशिरा उठत होती. इतक्याशा उशिरानं काय होतंय, असं वाटेल. पण 'काट' आणि 'खाट' यांतला फरक म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागाचा श्वास आहे, आणि आपण बोलतो तेव्हा असे फरक एकामागून एक येत राहतात. ऐकणारा थोडा जरी मागं पडत गेला तर वाक्य संपेपर्यंत बरंच निसटतं.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास मला घरच्यांच्या दृष्टीनं सगळ्यांत उपयोगी वाटतो. शांत खोलीत बोललेलं अक्षर ऐकताना स्वमग्न मुलांच्या मेंदूतून आलेला प्रतिसाद, इतर मुलांना गोंगाटात तेच अक्षर ऐकवल्यावर येणाऱ्या प्रतिसादाशी मिळताजुळता होता. आपण ज्याला शांतता म्हणतो तीही या मुलांना पुरेशी शांत नसते. मग टीव्ही चालू असताना, मिक्सर फिरत असताना दिलेल्या हाकेचं काय होत असेल?

दुसरी बाजू भीतीची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या गटानं, शुलामाइट ग्रीन यांच्या पुढाकारानं, २०१५ मध्ये मुलांना नकोसा आवाज आणि खरखरीत स्पर्श पुन्हा पुन्हा देऊन मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. सर्वसाधारण मुलाचा मेंदू थोड्या वेळानं सरावतो. ज्या स्वमग्न मुलांना आवाज-स्पर्श फार टोचतात, त्यांच्या मेंदूत धोक्याची सूचना देणारा भाग दर वेळी पहिल्याइतकाच पेटत राहिला. म्हणून "रोज ऐकला की सवय होईल" हा सल्ला इतर मुलाला लागू पडेल, या मुलाला बहुधा नाही. मिक्सरजवळ धरून उभं करण्यानं आवाजाची सवय तर होत नाहीच, वर धरणाऱ्या माणसाची भीती बसते.

आणि आवाज ओळखीचा, प्रेमाचा असूनही मूल वळत का नाही? स्टॅनफर्ड विद्यापीठात डॅनियल अब्राम्स आणि विनोद मेनन यांच्या गटाला २०१३ मध्ये असं दिसलं की स्वमग्न मुलांच्या मेंदूत माणसाचा आवाज ओळखणारा भाग आणि आनंद-बक्षीस जाणवणारे भाग यांच्यातली जोडणी कमकुवत असते. चॉकलेटचा कागद चुरगळला की पळत येणारं मूल आईच्या हाकेकडं बघत नाही, याचं उत्तर काही अंशी इथं असावं. त्यात आईवर माया नाही असं काही नाही. ऐकू येणं, त्याकडं लक्ष जाणं आणि ते हवंसं वाटणं ही मेंदूतली तीन वेगळी कामं आहेत.

यातलं काहीच अगदी नवं नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांचं जे पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, त्यात काही मुलं आधी बहिरी समजली गेल्याची नोंद आहे, आणि झाडू मारायचं यंत्र, वाहतं पाणी, एवढंच काय वाऱ्यालाही घाबरणारी मुलं आहेत. पण आवाज-स्पर्शाची ही अति किंवा अल्प जाणीव निदानाच्या अमेरिकी निकषांत यायला २०१३ साल उजाडलं. आपल्याकडं प्रमाणपत्रासाठी जी चाळीस प्रश्नांची 'ईसा' मोजपट्टी वापरतात, तिच्यात संवेदनांचा स्वतंत्र भाग आहे. तेव्हा डॉक्टरांपुढं "साहेब, कुकरला घाबरतो" हे सांगायला संकोचू नका. ती किरकोळ तक्रार नाही.

आधी नोंद, मग उपाय

सगळ्या आवाजांचा त्रास सगळ्या मुलांना होत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, कोणत्याही एका वेळी स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे ४० टक्क्यांना आवाज असह्य होतात. आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झालेल्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जातं. राहिलेल्यांपैकी काही मुलं उलट आवाज शोधत फिरतात: ताट आपटतात, मोटरच्या पेटीला कान लावून बसतात. एकच मूल दोन्ही करतं तेव्हा घरचे गोंधळतात. "स्वतः डबा बडवतो तेव्हा कान दुखत नाहीत का?" त्यात विसंगती नाही. स्वतः केलेला आवाज कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे त्याला माहीत असतं. कुकरची शिट्टी मात्र सांगून येत नाही.

त्रासाचेही प्रकार आहेत. कधी आवाजाची पातळीच सोसत नाही. मग तो ढोल असो की ट्रॅक्टर. कधी एखाद्या ठरावीक आवाजाची भीती असते, कारण त्याच्याशी काही वाईट जोडलं गेलेलं असतं. आणि कधी जेवताना होणारा मचमच आवाज, लहान भावंडाचं रडणं असा हळू आवाजही संताप आणतो. तिन्हींचे उपाय वेगळे. म्हणून दोन आठवडे एका वहीत लिहा: कोणता आवाज, किती वाजता, कुठं, त्याआधी मूल झोपलेलं होतं का, उपाशी होतं का, आणि त्यानं काय केलं. बहुतेक घरांत वही भरत जाते तसं दिसतं की दहा-बारा आवाजांपैकी त्रास देणारे तीन-चारच आहेत, आणि तेही संध्याकाळी जास्त.

मग त्या तीन-चारांवर काम करा. कुकर लावायच्या आधी मुलाला दाखवून सांगा, "तीन शिट्ट्या. एक, दोन, तीन. संपलं." बोटं दाखवा. जमेल तिथं डाळ-भात मूल अंगणात असताना शिजवा. मिक्सरखाली जाड घडी केलेलं फडकं घाला, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या. स्टीलची भांडी फरशीवर आदळणं थांबवायला पोत्याचा तुकडा पुरतो. कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही बंद करा. एवढ्या एका गोष्टीनं घरातली निम्मी ओरडाआरड कमी झाल्याचं अनेक पालक सांगतात. पीठ आणायला गिरणीत मुलाला नेऊ नका. नेलंच तर बाहेर, रस्त्याच्या पलीकडं थांबा.

बोलण्याची पद्धतही बदलावी लागते, आणि हे मोठ्या कुटुंबात सगळ्यांत अवघड. दारातून मूल आत आलं की आजी, आत्या, काका तिघंही एकदम विचारतात, "कुठं गेलतास? काय खाल्लं? ये इकडं." मुलापर्यंत यातलं काहीच नीट पोचत नाही. एकानं बोलावं. दुसऱ्या खोलीतून ओरडू नये. जवळ जाऊन, मुलाच्या उंचीला बसून, आधी नाव घ्यावं, मग दोन-तीन शब्द. "समर, चप्पल घाल." मग थांबावं. मनात दहा आकडे मोजावेत. आपण थांबत नाही हीच गडबड असते: तिसऱ्या सेकंदाला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगतो, आणि पहिल्या वाक्यावर काम करत असलेल्या मेंदूला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. परत सांगायचंच तर तेच शब्द, त्याच चालीत.

"माझ्याकडं बघून ऐक" हा आग्रह सोडून द्यावा. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या २०१४ च्या अभ्यासात दिसलं की स्वमग्न मुलांना ओठांची हालचाल आणि कानावरचा शब्द एका वेळेचे आहेत की मागेपुढे, हे नेमकं ओळखणं जड जातं. काही मुलं तोंड फिरवून जास्त चांगलं ऐकतात. शब्दाच्या जोडीला वस्तू किंवा चित्र दाखवा. चित्र हवेत विरत नाही, मुलाला हवं तेवढा वेळ समोर राहतं.

गावाचं आवाजाचं वर्ष

शहरातल्या पालकांपेक्षा पणदऱ्यातल्या पालकांना एक गोष्ट सोपी आहे. इथले मोठे आवाज कधी येणार हे बरंचसं आधी ठाऊक असतं. कॅलेंडर घ्या आणि त्यावर वर्षाचे आवाज मांडा.

दिवाळीच्या आगंमागं कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात. एका बाजूला माळेगाव, दुसऱ्या बाजूला सोमेश्वरनगर, आणि मधून जाणारा बारामती-नीरा रस्ता. पुढचे चार-पाच महिने डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस जातात, ट्रॉलीची जोडणी खडखडते, टपावरच्या स्पीकरवर गाणी असतात. इंदापूर तालुक्यात भवानीनगरच्या बाजूला हेच चित्र. रस्त्याकडेला घर असेल तर हंगामापुरती मुलाची झोपायची जागा मागच्या खोलीत हलवा. खिडकीला गोधडी लावा. रात्री पंख्याचा एकसुरी आवाज पुष्कळ मुलांना बरा पडतो, कारण त्यात अचानकपणा नसतो आणि बाहेरचा हॉर्न त्यात थोडा बुडतो. ट्रॅक्टरवाल्यांनाही सांगून बघायला हरकत नाही. बहुतेक जण गावातले किंवा शेजारच्या गावचेच असतात, आणि "आमच्या पोराला त्रास होतो, घरासमोर टेप बारीक कर" म्हटलं तर ऐकतात.

गणपती, जत्रा, वरात यांचं गणित वेगळं. डीजेच्या भिंतीसमोर आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. कामाच्या ठिकाणच्या अमेरिकी शिफारशींनुसार १०० डेसिबल पंधरा मिनिटांहून जास्त ऐकणं कुणाच्याही कानाला अपायकारक आहे. स्वमग्न मूल कान झाकतं तेव्हा ते आपल्यापेक्षा शहाणपणानं वागत असतं, असं मला कधीकधी वाटतं. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. स्पीकरपासून दहा मीटरवर उभे असाल तर चाळीस मीटरवर जा, बारा डेसिबल कमी. गल्लीत दोन्हीकडं भिंती असल्या तर एवढा फरक पडत नाही, म्हणून मिरवणूक बघायची तर मोकळ्या मैदानाच्या बाजूनं.

घरातल्या लग्नाला मुलाला न्यायचंच नाही, असं ठरवू नका. अक्षता पडतात तेव्हा बँजो आणि फटाके एकदम सुरू होतात. त्याच्या दहा मिनिटं आधी मुलाला कार्यालयाबाहेर घेऊन जाणारी एक व्यक्ती आधीच ठरवून ठेवा. मामा, चुलत भाऊ, कुणीही, पण एकच आणि नक्की. परत आत यायचं ते जेवणाच्या पंगतीला. नातेवाइकांना आधी फोनवर सांगून टाका, म्हणजे मांडवात खुलासे करत बसावं लागत नाही.

अशा वेळी कानावर बसणारे इअरमफ उपयोगी पडतात. यंत्राजवळ काम करणारे वापरतात तसेच, मुलांच्या मापाचेही मिळतात. घरी शांत वेळी दोन-दोन मिनिटं घालून आधी सवय करा. भर मिरवणुकीत पहिल्यांदा डोक्यावर चढवले तर मूल ते फेकून देणार. आणि कार्यक्रम संपला की काढा. दिवसभर घालून ठेवले तर मेंदू शांततेला सरावतो आणि साधे आवाजही मोठे वाटू लागतात. कानात कापसाचे बोळे कोंबू नका. त्यानं आवाज फारसा अडत नाही, आणि लहान मूल बोळा आत ढकलतं.

पालखीचा आवाज मात्र वेगळा. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडीकडं जाते, तिथं मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढं बेलवाडीला गोल रिंगण. टाळ-मृदंगाला ठेका असतो, तो एकदम कानावर कोसळत नाही. लांबून वाढत येतो आणि लांब निघून जातो. काही मुलांना तो आवडतो. दुरून सुरुवात करून बघा. स्वरांची उंची ओळखण्यात काही स्वमग्न मुलं इतरांपेक्षा तरबेज असतात, हे माँट्रियलसह अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसलं आहे. गावातल्या भजनी मंडळाची पेटी अशा मुलाच्या हाती द्यावी. झांजांपासून मात्र लांब बसवावं.

कायद्याचंही माहीत असू द्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, काही सणांच्या दिवशी सरकार मुभा देतं तेवढी सोडून. शाळा आणि रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं. तक्रार ११२ वर करता येते. गावात राहून तक्रार करणं किती जड असतं हे समजतं. म्हणून उत्सवाच्या आधीच मंडळाच्या पोरांना घरी चहाला बोलावून मुलाची ओळख करून देणं जास्त कामाला येतं.

पळून गेलं तर

हा भाग प्रत्येकानं वाचावा, मूल शांत असलं तरी. फटाका फुटला, वरात दारात आली, की काही मुलं आवाजापासून पळतात, आणि पळतात ती जिकडं शांत आहे तिकडं. आपल्याकडं शांत म्हणजे शेत, विहीर, शेततळं आणि कालवा. अमेरिकेत घरातून निघून गेलेल्या स्वमग्न मुलांच्या मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा सगळ्यांत वर बुडणं होतं. आणि इथं उभ्या उसात शिरलेलं मूल चार हातांवरून दिसत नाही. ते हाकेलाही ओ देणार नाही. शोधणाऱ्यांनी मोठमोठ्यानं ओरडत जाणं, गाड्यांचे हॉर्न वाजवणं, यानं ते आणखी आत सरकेल.

म्हणून मूल दिसेनासं झालं तर पहिले दोघं-तिघं पाण्याकडं धावतात, बाकीचे नंतर घर, गोठा, ऊस बघतात, हे घरात आणि शेजारी आधीच बोलून ठेवा. घराजवळच्या विहिरीला कठडा किंवा जाळी, शेततळ्याला कुंपण आणि आत सोडलेला दोर, दाराला मुलाच्या हाताला न लागणारी वरची कडी. कपड्याच्या आत फोन नंबर शिवून ठेवा. शोधताना त्याच्या आवडीचं गाणं मोबाईलवर बारीक आवाजात लावून फिरा. आणि पोहायला शिकवा. पाण्यात डोकं बुडालं की बाहेरचे आवाज दबतात, त्यामुळं बऱ्याच मुलांना पाणी आवडतं, आणि त्याच आवडीमुळं धोकाही आहे.

पळालं नाही, पण जमिनीवर लोळून किंचाळायला लागलं, तर बोलणं थांबवा. समजावणं हाही त्या क्षणी आणखी एक आवाज असतो. आवाज बंद करा किंवा मुलाला तिथून हलवा, गर्दी मागं सारा, आणि जवळ गप्प बसा. मारू नका, कान झाकलेले हात ओढू नका. शांत झाल्यावर पाणी द्या. काय झालं याची चौकशी त्या दिवशी नको.

शाळेत

जिल्हा परिषदेच्या शाळेत पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाच्या सरीत शिक्षकांचा शब्द मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. स्वमग्न मुलाला पहिल्या बाकावरही नाही. अशा वेळी फळ्यावर लिहून, चित्र दाखवून काम चालवावं. बसायची जागा दार आणि रस्त्यापासून लांब, शिक्षकांच्या जवळ. घंटा वाजायच्या आधी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून खूण करा, किंवा घंटा वाजवायचं काम त्यालाच द्या. काही मुलांच्या बाबतीत या एका युक्तीनं घंटेची भीती गेली आहे. परिपाठाला लाउडस्पीकरपासून दूर उभं करा. पोषण आहाराच्या वेळी ताटांचा खणखणाट फार असतो, तेव्हा पाच मिनिटं आधी जेवू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात लिहिलेला आहे. वरच्या सवलती मागताना कुणाचे उपकार घेतोय असं समजू नका.

कुणाकडं जायचं, कशाला भुलायचं नाही

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि त्यांच्या यादीत ऐकण्याची अडचण, उशिरा बोलणं आणि स्वमग्नता तिन्ही आहेत. अंगणवाडी ताईंना पुढची तारीख विचारून ठेवा. पथक पुढं जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतं. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि २०१९ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात केईएम रुग्णालयाचं टीडीएच-मॉरिस बाल विकास केंद्र आणि प्रसन्न ऑटिझम सेंटर, भारती विद्यापीठाचं श्रवण व वाचा विषयाचं महाविद्यालय. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासूनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. प्रमाणपत्र मिळालं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो.

विशिष्ट गाळलेलं संगीत हेडफोनवर रोज ऐकवून मेंदू 'दुरुस्त' करण्याचे महागडे कोर्स विकले जातात. त्यांचा उपयोग होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं कोक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात नोंदलेलं आहे. त्या पैशांत वाचा उपचार आणि व्यवसायोपचार किती महिने होतील, याचा हिशेब आधी करा. एखाद्या आवाजाची भीती कमी करायला तज्ज्ञ एक साधा मार्ग वापरतात: तोच आवाज मोबाईलवर अगदी बारीक, बटण मुलाच्या हातात, आणि नको वाटलं की बंद करायची मुभा. हे घरी करायचं तर आधी एकदा त्यांच्याकडून शिकून घ्या.

डॉक्टरांकडं जाताना नोंदीची वही न्या आणि त्रासाच्या वेळचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा. तपासणीच्या खोलीत मूल तसं वागेलच असं नाही. नंबर लावताना सांगा की मुलाला गर्दीचा आवाज सोसत नाही, सकाळचा पहिला नंबर हवा. तो नाही मिळाला तर एकानं रांगेत थांबावं आणि दुसऱ्यानं मुलाला घेऊन आवाराबाहेर, झाडाखाली बसावं. नाव पुकारलं की फोन करायचा.